कुंडीतल्या ऑर्किडची पानं बिघडली तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं मुख्यतः फॅलेनॉप्सिस आणि डेंड्रोबियम या दोन ऑर्किडांना धरून आहेत, कारण आपल्याकडच्या गॅलऱ्यांमध्ये आणि खिडक्यांमध्ये हीच जास्त दिसतात. ऑन्सिडियम वेगळं वागतं तिथे तसं सांगितलं आहे.

पानावर डाग दिसला. लगेच कोणतं औषध मारू?

कोणतंच नको. ऊन, बुरशी, जिवाणू, क्षार आणि कीड या सगळ्यांचे डाग पहिल्या नजरेला सारखेच दिसतात, पण एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाने जिवाणूजन्य कूज थांबत नाही. इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाने कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) मरत नाहीत. चुकीच्या फवारणीत आठवडा जातो, आणि तेवढ्यात कूज पोंग्यापर्यंत (जिथून नवी पानं फुटतात त्या मधल्या शेंड्यापर्यंत) पोचलेली असते.

दहापट मोठं दाखवणारं भिंग, मोबाईलचा टॉर्च, पांढरा कागद आणि पर्मनंट मार्कर जवळ घ्या आणि या क्रमाने बघा. डाग ओला आहे की कोरडा? बोटाने हलकेच दाबा. दबला आणि पाणी सुटलं तर कूज आहे, तेव्हा पुढचं सगळं सोडून कुजीच्या प्रश्नाकडे जा. कोरडा असेल तर डागाच्या कडेने मार्करने रेघ मारा आणि २४ तासांनी पुन्हा बघा. रेघ ओलांडली नाही तर घाई नाही. मग पान कोणतं ते बघा: सगळ्यात जुनं खालचं, की नुकतं आलेलं वरचं? डागाचा रोख कुठे आहे, खिडकीकडे की खोडाकडे? शेवटी पान उलटं करून मधली शीर आणि पान खोडाला चिकटतं ती बेचकी टॉर्चच्या उजेडात तपासा. बहुतेक कीड तिथेच बसते, आणि पानाची वरची बाजू कितीही पुसली तरी सापडत नाही.

एवढ्यानेही उलगडलं नाही तर कुंडी काढून मुळं बघा. फॅलेनॉप्सिसच्या पानांच्या तक्रारी पुष्कळदा मुळांतून आलेल्या असतात.

सगळ्यात खालचं पान पिवळं पडतंय. झाड आजारी आहे का?

एकच पान, तेही सगळ्यात खालचं, टोकाकडून हळूहळू पिवळं होत असेल आणि वरची पानं टणक असतील, तर झाड जुनं पान सोडून देतंय. ते ओढून काढू नका. झाड त्यातलं अन्न परत घेत असतं, आणि ओढलं की खोडाला जखम होते. पूर्ण वाळलं की हात लावताच सुटून येतं.

चिंता करायची ती दोन-तीन पानं एकदम पिवळी पडली तर, पिवळेपणा पानाच्या देठाकडून सुरू झाला तर, किंवा वरचं पान आधी पिवळं पडलं तर. पहिल्यात मुळं गेलेली असतात, उरलेल्या दोन्हीत खोड कुजत असतं.

डेंड्रोबियमचं गणित निराळं. जुन्या दांड्यांची पानं गळणं हा त्याचा स्वभावच आहे, आणि पानं नसलेला हिरवा दांडा पुढे फुलूही शकतो, म्हणून तो कापायचा नाही. सह्याद्रीतलं डेंड्रोबियम बार्बाट्युलम तर कोरड्या दिवसांत पानं गाळून उघड्या दांड्यांवरच फुलतं. अशा जातीला पानं गळताना बघून पाणी वाढवलं की मुळं कुजतात.

पानं लुळी पडलीत, सुरकुतलीत. पाणी तर नियमित देतो. मग काय चुकतंय?

बहुतेक वेळा नेमकं तेच चुकतंय. पानाला पाणी पोचत नसेल तर कारणं दोनच: कुंडीत पाणी नाही, किंवा ते ओढायला मुळं नाहीत. दोन्हींत पान सारखंच दिसतं. लोक पहिलं कारण धरून पाणी वाढवतात आणि उरलेली मुळंही घालवतात.

झाड कुंडीतून काढा. पारदर्शक प्लास्टिकची कुंडी असेल तर काढायचीही गरज नाही, बाहेरूनच दिसतं. जिवंत मूळ कोरडं असताना चंदेरी करडं, भिजलं की हिरवं, आणि दाबलं तर टणक. मेलेलं मूळ तपकिरी, पोकळ किंवा चिखलासारखं, आणि दोन बोटांत धरून ओढलं तर वरचं आवरण निघून आत नुसता दोरा उरतो. मूळ पिवळट असेल पण टणक असेल तर ते जिवंत आहे, फक्त उजेडात नव्हतं. ते कापू नका.

मुळं टणक असतील आणि माध्यम (कुंडीत मुळांभोवती भरलेली साल, कोळसा वगैरे) कोरडं ठणठणीत असेल तर झाड तहानलेलं आहे. कुंडी १५–२० मिनिटं पाण्यात बुडवून ठेवा, पोंगा वर राहू द्या, मग पूर्ण निथळू द्या. पानं आठवड्याभरात ताठ होऊ लागतात. फार जुन्या सुरकुत्या मात्र राहतात.

मुळं कुजलेली असतील तर सगळं जुनं माध्यम काढा. नर्सरीतून आलेल्या फॅलेनॉप्सिसला बघताना मुळांच्या अगदी मधोमध हात घाला: तिथे रोप लहान असतानाचा मॉसचा (वाळलेल्या शेवाळाचा) किंवा कोकोपीटचा घट्ट गोळा असतो. बाहेरची साल वाळली तरी तो गोळा कित्येक दिवस ओला राहतो आणि मुळं आतून बाहेर कुजत जातात. हा गोळा चिमट्याने सुटा करून काढल्याशिवाय नुसती कुंडी बदलून उपयोग नाही.

मेलेली मुळं ज्योतीवर तापवून गार केलेल्या कात्रीने कापा. झाड सावलीत एक दिवस कोरडं राहू द्या. मग पाइन सालीचे दीड-दोन सेंटीमीटरचे तुकडे आणि थोडा लाकडी कोळसा घालून, मुळं मावतील एवढ्याच कुंडीत लावा. मुळं कमी उरली म्हणजे कुंडीही लहान हवी. मोठ्या कुंडीत मधला भाग वाळत नाही. नारळाच्या सोडणाचे तुकडे वापरणार असाल तर दोन दिवस भिजवून, पाणी तीन-चार वेळा बदलून घ्या, कारण त्यात मीठ असतं. पहिलं पाणी दोन-तीन दिवसांनी द्या आणि नवीन मूळ दिसेपर्यंत खत देऊ नका.

एकही मूळ उरलं नसेल तर ओलसर, पण पिळल्यावर थेंब न गळणारं स्फॅग्नम मॉस पारदर्शक पिशवीत घाला, त्यावर झाड ठेवा आणि पिशवीचं तोंड सैल बांधून उजेडात पण उन्हाबाहेर ठेवा. आठवड्यातून एकदा उघडून बुरशी बघा. मुळं फुटायला एक ते तीन महिने लागू शकतात. तोवर पानं लुळीच राहतील, ते धरूनच चालायचं.

ऑन्सिडियमचं नवं पान चुण्या पडून, पंख्यासारखं दुमडून बाहेर येतंय.

पान वाढत असताना पाणी कमी पडलं. या जातीची मुळं बारीक असतात आणि फॅलेनॉप्सिसइतकं कोरडं राहणं त्यांना सोसत नाही. पडलेल्या चुण्या जात नाहीत. पुढचं पान सरळ आलं की पाणी जमलं असं समजा.

पानाच्या मधोमध पांढरट चट्टा पडला आणि आता तो काळा झालाय.

उन्हाचा चटका. ओळख अशी: चट्टा पानाच्या उंचवट्यावर, उन्हाच्या बाजूला असतो. आधी रंग उडतो, मग तो भाग कागदासारखा वाळतो, आणि काही दिवसांनी पसरणं थांबतं. झाडाच्या सावलीतल्या पानांवर काहीच नसतं. औषधाची गरज नाही, पान कापायचीही नाही. फक्त मेलेल्या भागातून बुरशी शिरू नये म्हणून पाणी घालताना तो कोरडा ठेवा.

चटका मे महिन्यातच बसतो असं नाही. पावसाळ्यात ढगाळ हवेत वाढलेली पानं कोवळी असतात आणि ऑक्टोबर हीटचं पहिलं कडक ऊन त्यांना सोसत नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलला की दक्षिणेच्या गॅलरीत ऊन आतपर्यंत येतं. जुलैत सुरक्षित असलेली जागा डिसेंबरात नसते. दुपारी पानाला हात लावून बघा. हाताला गरम लागलं तर झाड आत सरकवा किंवा वारा वाढवा. फॅलेनॉप्सिसला ७५ टक्के आणि डेंड्रोबियमला ५० टक्के सावलीची शेडनेट साधारण पुरते. पश्चिमेच्या गॅलरीत फॅलेनॉप्सिस नेटशिवाय ठेवूच नका.

पानांचा रंगही उजेडाबद्दल सांगतो. गडद हिरवी, लांबट, लोंबणारी पानं म्हणजे उजेड कमी. असं झाड सुंदर दिसतं पण फुलत नाही. पोपटी हिरवी म्हणजे ठीक. कडांना जांभळट-लाल झाक आली तर उजेड त्याच्या सहनशक्तीच्या टोकाला पोचलाय.

डाग पाणीदार आहे, वास येतोय आणि सकाळपासून वाढलाय. काय करू?

जिवाणूजन्य मऊ कूज. ऑर्किडच्या पानावर तातडीची म्हणावी अशी हीच गोष्ट. सुरुवातीला पानात पाणी भरल्यासारखा पारदर्शक डाग दिसतो, मग त्याभोवती पिवळं वलय येतं, आणि दमट, गरम हवेत तो दोन-तीन दिवसांत अख्खं पान खातो. पोंग्यात पोचला तर फॅलेनॉप्सिस बहुधा वाचत नाही, कारण त्याला वाढीचा शेंडा एकच असतो.

१. झाड बाकीच्यांपासून लगेच दूर करा आणि पाणी देणं थांबवा.

२. नवीन ब्लेडने डागाच्या कडेपासून किमान दोन सेंटीमीटर हिरवा भाग धरून कापा. डागाच्या कडेलगत कापणं ही नेहमीची चूक. जिवाणू दिसणाऱ्या कडेच्या पुढे गेलेला असतो. प्रत्येक कापानंतर ब्लेड ज्योतीवर धरा.

३. डाग देठाजवळ असेल तर संपूर्ण पान काढा. पानाच्या टोकापासून मधल्या शिरेवर उभा काप द्या आणि दोन्ही अर्धी बाजूंना सोलून घ्या, म्हणजे खोडाला जखम होत नाही.

४. कापावर दालचिनीची पूड किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइडची दाट पेस्ट लावा. डेंड्रोबियमला आणि फुलांवर असलेल्या झाडाला तांबं सोसत नाही, तिथे दालचिनीच.

५. झाड पंख्याच्या वाऱ्यात, कोरडं ठेवा. रोज दोनदा काप बघा. कडा पुन्हा ओली झाली तर पुन्हा कापा.

कापलेला भाग कंपोस्टमध्ये टाकू नका. निथळलेलं पाणी दुसऱ्या कुंडीत जाऊ देऊ नका. ओल्या पानावरचे शिंतोडे आणि हात यांतूनच हा रोग पसरतो. पोंग्यात पाणी साचलं असेल तर टिश्यूचं टोक वळून ते टिपून घ्या, आणि पाणी नेहमी सकाळी द्या, म्हणजे रात्रीपर्यंत पोंगा कोरडा होतो.

काळपट डाग बुडाकडून वर चढतोय, पण वास नाही. तीच कूज का?

नाही, ही काळी कूज. फायटोफ्थोरा आणि पिथियम या पाण्यात पसरणाऱ्या रोगजंतूंनी होते. कोकणात आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये उघड्यावर टांगलेल्या झाडांना ती जास्त गाठते. डाग जांभळट काळा, कडेला पिवळसर, आणि बुडातून किंवा नव्या फुटव्यातून सुरू होतो. डेंड्रोबियमचा कोवळा फुटवा एका हिसक्यात हातात येतो.

बाधित दांडा निरोगी भागापर्यंत कापा. मग मेटॅलॅक्सिल ८ टक्के अधिक मॅन्कोझेब ६४ टक्के हे मिश्र बुरशीनाशक लिटरला २ ग्रॅम घेऊन झाडावर आणि माध्यमात द्या. फोसेटाइल-अॅल्युमिनियम २ ग्रॅमही चालतं, पण ते तांब्याच्या औषधाबरोबर किंवा त्याच्या आगेमागे मारू नका, पानं भाजतात. नुसतं कार्बेन्डाझिम इथे निरुपयोगी आहे. झाड पावसाखालून काढलं नाही तर कोणतंच औषध पुरणार नाही.

बुडाशी पांढरे तंतू आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर ती स्क्लेरोशियम बुरशी. ते दाणे माध्यमात दीर्घकाळ टिकतात. माध्यम पूर्ण फेका, कुंडी ब्लीचने धुवा.

पानाचं टोक तपकिरी होऊन वाळतंय.

टोक फिकट तपकिरी, एकसंध, आणि पुष्कळ पानांवर सारखंच असेल तर पाण्यातले किंवा खतातले क्षार. कुंडीच्या काठावर पांढरी पुटं दिसतात, मुळांची टोकंही काळी पडलेली असतात. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी असलेल्या सोसायट्यांत ही तक्रार कायमची. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) फार महाग नसतो, एकदा मोजाच. २०० पीपीएमच्या आत उत्तम, ५०० च्या पुढे टोकं जळायला लागतात. आरओच्या टाकाऊ पाण्याच्या नळीतून येणारं पाणी झाडांना घालायची सवय असेल तर ऑर्किडला वगळा, त्यात मूळ पाण्यापेक्षाही जास्त क्षार असतात. पावसाचं साठवलेलं पाणी सगळ्यात चांगलं.

महिन्यातून एकदा कुंडीच्या दुप्पट-तिप्पट पाणी वरून ओतून क्षार धुवून काढा. १९:१९:१९ खत लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्याला, तेही माध्यम ओलं असताना. कोरड्या मुळांवर खत पडलं की टोकं जळतात.

टोकाच्या वाळलेल्या भागात मात्र गडद आडव्या पट्ट्या असतील, आणि भिंगातून वर्तुळाकार ओळींत काळे ठिपके दिसत असतील, तर तो करपा. वाळलेला भाग एक-दोन सेंटीमीटर हिरव्यासकट कापा, मॅन्कोझेब २ ग्रॅम लिटरला घेऊन दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोनदा फवारा. दमलेल्या, भाजलेल्या पानावर करपा सहज बसतो, म्हणून ऊन आणि क्षार आधी नीट करा.

पानाच्या खालच्या बाजूला पिवळे ठिपके होते, ते आता काळपट झालेत.

सर्कोस्पोरा ही पानावरच्या ठिपक्यांची बुरशी. खालून सुरू होते, वर नंतर दिसते. डेंड्रोबियमवर पावसाळ्याच्या शेवटी येते. सगळ्यात डागाळलेली पानं काढा, झाडं एकमेकांपासून हातभर लांब ठेवा, आणि वरच्याच प्रमाणात मॅन्कोझेब पानांच्या खालच्या बाजूने मारा.

बेचक्यात पांढरा कापूस दिसतोय.

पिठ्या ढेकूण. घरातल्या ऑर्किडला हा फार वेळा लागतो, आणि पहिल्या उपचारानंतर "गेला" असं वाटून पुन्हा येणारीही हीच कीड. भिंगाखाली बघा: मऊ गुलाबी अंग, वर पिठासारखा मेणाचा थर, कडेने मेणाचेच आखूड धागे. शेजारच्या कापसाच्या पुंजक्यात शेकडो अंडी असतात. मेणामुळे पाणी आणि पातळ औषध अंगावरून ओघळून जातं, अंड्यांना तर लागतही नाही. म्हणूनच एका फवारणीत तो संपत नाही.

औषधांच्या दुकानात ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. त्यात कान साफ करायची काडी बुडवून प्रत्येक किड्याला लावा. मेण विरघळून किडा लगेच तपकिरी होतो. पानाची बेचकी, फुलाच्या दांड्याचे पेर, पाकळ्यांची मागची बाजू, कुंडीचा काठ, सगळीकडे. डेंड्रोबियमच्या दांड्यावरचे वाळके पापुद्रे सोलून काढा, त्यांच्याखालीच वसाहत असते. अल्कोहोल पोंग्यात ओतू नका आणि झाड वाळेपर्यंत उन्हात ठेवू नका.

मग कडुनिंबाचं तेल ५ मिली आणि द्रव साबण १ ते २ मिली हे थोड्या कोमट पाण्यात आधी चांगलं फेसून, त्यात उरलेलं पाणी घालून एक लिटर करा आणि संध्याकाळी फवारा. उलट क्रमाने केलं तर तेल वर तरंगतं आणि पहिल्या फवाऱ्यात नुसतं पाणी, शेवटच्यात नुसतं तेल जातं. पानं त्यानेच भाजतात. अंड्यांतून पिल्लं आठवडा-दहा दिवसांत निघतात, म्हणून दर सात दिवसांनी असं चार वेळा. किडा दिसेनासा झाला तरी चारही वेळा करायचं.

चार फेऱ्यांनंतरही येत असेल तर झाड कुंडीतून काढा. मुळांवर आणि कुंडीच्या भोकांशी पांढरी पूड दिसली तर पिठ्या खाली बसलाय. माध्यम फेका, मुळं धुवा, नव्या माध्यमात लावा. इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के, लिटरला ०.३ मिली, हा त्यानंतरचा उपाय, तोही घराबाहेर, हातमोजे आणि मास्क घालून.

पानाखाली तपकिरी टिकल्या चिकटल्यात, हलत नाहीत. डाग की कीड?

नखाने खरवडा. सुटून आली आणि खाली फिकट ठिपका उरला तर खवले कीड. टिकली फुगीर आणि पान चिकट असेल तर मऊ खवले, चपटी आणि पान कोरडं असेल तर कठीण खवले. कठीण जातीत नरांचे पांढरे पुंजके दिसतात आणि लोक त्यांना पिठ्या समजतात. जुन्या मऊ टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढा, मग पिठ्याप्रमाणेच तेलाची चार फवारणी. मेलेली टिकली आपोआप पडत नाही, त्यामुळे घासल्याशिवाय औषध लागलं की नाही ते कळत नाही.

पान चंदेरी, खरखरीत, बारीक खड्डे पडल्यासारखं झालंय.

कोळी. पांढरा कागद पानाखाली धरून पान झटका, किंवा ओल्या पांढऱ्या टिश्यूने खालची बाजू पुसा. तांबूस रेघ उठली तर खात्री. लाल कोळी बारीक जाळं विणतो. फॅलेनॉप्सिसवर येणारा चपटा कोळी जाळं विणत नाही, म्हणून जाळं नाही म्हणजे कोळी नाही असं धरू नका. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पुण्यात, विदर्भात आणि एसीच्या खोलीत तो भराभर वाढतो.

पानांच्या खालची बाजू पाण्याच्या धारेने दर तीन दिवसांनी धुवा, पोंगा टिपून घ्या. पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम चालतं, पण तापमान ३२ अंशांच्या वर असताना नको, आणि तेल फवारल्यावर किमान तीन आठवडे नको. म्हणजे मे महिन्यात ते बहुतेक वापरताच येत नाही. तेव्हा कोळीनाशकच घ्या, उदाहरणार्थ स्पायरोमेसिफेन, लेबलवरच्या प्रमाणात.

चंदेरी ओरखडे लांबट असतील आणि त्यांत काळे ठिपके असतील तर ते फुलकिडे. ते कोवळी पानं आणि कळ्या धरतात. निळा किंवा पिवळा चिकट सापळा झाडाशेजारी टांगला की दोन दिवसांत कळतं.

पानावर, दांड्यावर चिकट थेंब आहेत आणि मुंग्या येताहेत.

फुलाच्या दांड्यावर आणि कळ्यांच्या देठाशी स्वच्छ गोड थेंब येणं निरोगी झाडातही होतं. पुसून टाका आणि भिंगाने आजूबाजूला बघा. कीड नसेल तर सोडून द्या. पानांवर चिकटपणा पसरलेला असेल, वर काजळीसारखी बुरशी चढली असेल, तर वर कुठेतरी मावा, पिठ्या किंवा मऊ खवले आहेत. मुंग्या त्यांचं राखण करतात आणि त्यांना दुसऱ्या झाडावर नेतात. कुंडी पाण्याच्या ताटलीत उलट्या वाटीवर ठेवून मुंग्यांची वाट तोडल्याशिवाय किडीचा उपचार टिकत नाही.

पानाच्या कडा आणि मुळांची हिरवी टोकं रात्रीतून कुरतडली जाताहेत.

चंदेरी माग दिसला तर गोगलगाय किंवा शंखी, नाही दिसला तर झुरळं. रात्री नऊ-दहानंतर टॉर्च घेऊन कुंडीची भोकं आणि तळ बघा आणि हाताने वेचा. काकडीची चकती कुंडीत ठेवली तर सकाळी तिच्याखाली गोगलगायी सापडतात. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कुत्र्या-मांजरांना विषारी असतात. घरात प्राणी असेल तर त्या नकोतच.

नव्या पानांवर फिकट पट्टे, काळपट वलयं आहेत. हा विषाणू का?

असू शकतो. ऑर्किडांत सिम्बिडियम मोझॅक आणि ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट हे दोन विषाणू सर्रास आढळतात. डोळ्यांनी खात्री होत नाही, कारण कोळी आणि अन्नाची कमतरता असेच पट्टे पाडतात, आणि काही बाधित झाडं निरोगीच दिसतात. संशय असेल तर झाड वेगळं ठेवा. पुढची दोन-तीन पानं आणि फुलं बघा: पाकळ्यांत रंग तुटून पट्टे आले तर संशय पक्का धरा. मौल्यवान झाड असेल तर दोन्ही विषाणूंसाठी चाचणीच्या पट्ट्या मिळतात.

औषध नाही. बाधित झाड टाकून द्यावं लागतं, आणि हे सांगणं जड असलं तरी बाकीचा संग्रह वाचवायचा तोच मार्ग आहे. हा पसरतो कात्रीने. अल्कोहोलने पुसलेली कात्री विषाणूला पुरत नाही. प्रत्येक झाडाला नवं ब्लेड, किंवा पातं ज्योतीवर.

दालचिनी, हळद, ताक, तांदळाचं पाणी यातलं काय चालतं?

दालचिनी कापावर चालते, मुळांवर नाही, ती मुळं वाळवते. हळद कापावर लावली तर नुकसान नाही. ताक आणि तांदळाचं पाणी कुंडीत ओतू नका: सालीच्या माध्यमात ते आंबतं, बारीक माश्या येतात आणि मुळांभोवती हवा राहत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड ३ टक्के पोंग्यात एकदा घालून फेस टिपून घेता येतं, पण रोज नको, कारण ते निरोगी पेशींनाही इजा करतं. पानं चमकवायला दूध, तेल, लीफ शाइन काहीही लावू नका. ओलं सुती फडकं पुरे, तेही प्रत्येक झाडाला वेगळं.

नवीन आणलेलं झाड लगेच बाकीच्यांत ठेवू का?

तीन-चार आठवडे वेगळ्या खोलीत. त्या काळात अंड्यांतून निघणारं सगळं निघून दिसतं. पहिल्याच दिवशी भिंगाने बेचक्या तपासा आणि कुंडी पारदर्शक असेल तर मुळं. पाणी घालताना या झाडाची पाळी शेवटी ठेवा.

फॅलेनॉप्सिसचा पोंगा कुजून हातात आला. झाड टाकून देऊ?

खालची पानं आणि मुळं टणक असतील तर थांबा. कुजलेलं सगळं खरवडून काढा, पोकळीत दालचिनी भरा आणि महिनाभर त्यात पाणी जाऊ देऊ नका. नेहमीच्या उजेडात ठेवा, माध्यमातून थोडं पाणी चालू ठेवा. वरून पुन्हा पान येणार नाही, पण खोडाच्या बाजूने, खालच्या पानाच्या बेचक्यातून नवा फुटवा येऊ शकतो. त्याला तीन-चार महिने लागतात, कधी जास्तही. फुटव्याला स्वतःची दोन-तीन मुळं बोटभर लांब झाली की तो वेगळा करता येतो, पण जुन्या खोडावरच राहू दिला तर जास्त जोमाने वाढतो. खालची पानंही देठाकडून पिवळी पडू लागली तर मात्र कूज खोडात उतरली आहे, झाड माध्यमासकट काढून टाका.